पिशवी भरण्याआधी काटा: लांब पायी चालीसाठी हलके कपडे कसे निवडावे

पायी जायचं ठरलं की पहिली चूक घरातच होते. "असू दे एखादा जास्तीचा" म्हणत पिशवीत जीन्स जाते, चार टी-शर्ट जातात, जाड टर्किश टॉवेल जातो, वरून स्वेटर. एक जीन्स ६५० ते ८०० ग्रॅम भरते, टर्किश टॉवेल ४०० ते ५००. पाणी, ताट-वाटी आणि औषधं भरायच्या आधीच पिशवी पाच किलोंवर गेलेली असते. तिसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात, आणि चौथ्या दिवशी भर पावसात ती जीन्स ओली होते. मग ती दोन दिवस वाळत नाही.

यावर महागडे हलके कपडे विकत घेणं हा उपाय नाही. उपाय कमी कपड्यांचा आहे, आणि कमी कपड्यांत भागायचं असेल तर एकच कसोटी लावायची: संध्याकाळी धुतलेला कपडा पहाटे अंगात घालता आला पाहिजे. ज्याला हे जमतं त्याचे दोन जोड महिनाभर पुरतात. ज्याला जमत नाही त्याचे पाच जोडही पुरत नाहीत, कारण पाचही ओलेच राहतात. पुढचं सगळं या एका कसोटीभोवती आहे.

पहिली पायरी: हवा ठरवा

विदर्भातून पायी निघणाऱ्यांचे हंगाम वेगवेगळे, आणि प्रत्येकाची पिशवी वेगळी.

सगळ्यांत अवघड हंगाम पंढरपूरच्या वाटेचा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी, कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी, शिवाय गावोगावच्या लहान दिंड्या आषाढी गाठायला निघतात त्या उन्हाळा सरता सरता. विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्याच्या सुमारास पोचतो. म्हणजे सुरुवातीला चाळिशीतलं कोरडं ऊन, मधेच वळवाचा दणका आणि पुढं दिवसेंदिवस दमट, झाकोळलेली हवा. ऊन आणि पाऊस दोन्ही एकाच पिशवीत बसवायचे असतात.

नागपंचमीच्या सुमाराची पचमढीची नागद्वार यात्रा दिवसांनी लहान, पण धुकं, सततची झड आणि चढ-उतार यांमुळं कपड्यांची परीक्षा तिथं जास्त कडक होते. माघात शेगावला प्रकटदिनासाठी पायी जाणाऱ्यांना हवा साथ देते: दिवसा ऊन, पहाटे गारवा, पाऊस सहसा नाही. त्यांनी या लेखातला पावसाचा भाग सोडला तरी चालेल.

डिसेंबर-जानेवारीत मेळघाटाकडं जाणारे वेगळेच. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, रात्री थंडी हाडात शिरते आणि दुपारी बाहीनं घाम पुसावा लागतो. (मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथं पायी फिरता येत नाही. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या आधी, कपडे नंतर.)

दिंडीत सामान गाडीवर टाकता येतं, मग वजनाची चिंता कशाला, असं बरेच जण म्हणतात. खांद्यावरचं वजन वाचतं हे खरं. पण गाडी मुक्कामी उशिरा पोचते, तुमची पिशवी ढिगाच्या तळाशी असते आणि वरची चार भिजलेली चुंगडी तिच्यावर गळत असतात. वाळण्याची कसोटी गाडी असली तरी सुटत नाही.

दुसरी पायरी: घरातलं सगळं काट्यावर ठेवा

नवं काही घेण्याआधी घरात आहे ते तोला. किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानदार नाही म्हणत नाही. प्रत्येक कपडा वेगळा ठेवा आणि वजन वहीत लिहा. अंदाजानं लिहू नका, कपड्याच्या बाबतीत हात फार फसवतो. फुगलेला स्वेटर जड वाटतो आणि चपटी घडी घातलेली जीन्स हलकी वाटते.

मग त्यातला एक सुती टी-शर्ट आणि एक खेळाची जर्सी घ्या. दोन्ही पाण्यात बुडवा, नेहमीसारख्या हातानं पिळा आणि परत काट्यावर ठेवा. सुती टी-शर्ट पिळल्यावरही साधारण स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरून बसतो: २०० ग्रॅमचा ४०० च्या आसपास जातो. जर्सी त्या मानानं बरीच हलकी राहते. हा आकडा स्वतःच्या काट्यावर एकदा पाहिला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

दुकानात कापडाच्या जाडीसाठी 'जीएसएम' हा शब्द ऐकू येईल. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीचा सुती टी-शर्ट १८० जीएसएमच्या आसपास असतो, मंडळांच्या क्रिकेट-कबड्डीच्या जर्सी १३० ते १६०. चालीसाठी १५० च्या खालचं बघा. १०० च्या फार खाली गेलात तर पिशवीच्या पट्ट्याखाली खांद्यावर कापड लवकर विरतं.

तिसरी पायरी: कापड ओळखा

कपाशीच्या मुलखात बसून सुती कपडा घेऊ नका म्हणणं जिभेवर येत नाही, आणि सरसकट तसं म्हणणं बरोबरही नाही. कोरड्या उन्हात सुतासारखं सुख नाही. घामानं भिजलेला सदरा हळूहळू वाळतो आणि वाळता वाळता अंग गार ठेवतो. वावरात काम करणारा माणूस डोक्यावरचा दुपट्टा भिजवून घेतो तो याच कारणानं. अडचण सुरू होते हवा दमट झाली की. सूत नेहमीच्या हवेतही आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओलावा धरून असतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात टांगलेलं सूत सकाळी हाताला थंडगार लागतं.

पॉलिस्टर लवकर वाळतं, पण त्याचे दोन दोष. घामातलं तेल धाग्याला धरून राहतं, म्हणून त्याला वास फार लवकर येतो आणि रोज धुवावंच लागतं. दुसरा दोष आगीचा. शेकोटीजवळ बसलात आणि ठिणगी उडाली तर सुताला भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. चुलीजवळ वाढायला किंवा पोळ्या लाटायला बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

या दोघांच्या मधलं कापड म्हणजे टेरिकॉट, साधारण दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग सूत. फॅशनमधून गेल्यामुळं त्याची आठवण कुणी काढत नाही, पण आमच्या मते विदर्भातल्या हवेसाठी पूर्ण बाह्यांचा, मागावर विणलेला, सैल टेरिकॉटचा शर्ट हा सगळ्यांत शहाणा सौदा आहे. सुतापेक्षा लवकर वाळतो, निव्वळ पॉलिस्टरपेक्षा वास कमी धरतो, गवतात टिकतो आणि तालुक्याच्या कुठल्याही कापडदुकानात मीटरवर मिळतो.

लेबल नसेल किंवा लेबलवर विश्वास नसेल तर आतल्या शिवणीजवळचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटात चुरगळणारी मऊ राख म्हणजे सूत. आकसून काळा धूर आणि टोकाला कडक मणी म्हणजे पॉलिस्टर. केस जळल्याचा वास म्हणजे लोकर. सूत आणि पॉलिस्टरची सरमिसळ असेल तर जळतंही आणि टोकाला खरखरीत गाठही राहते. ही चाचणी मोकळ्या जागेत, धाग्यावरच करा, कपड्यावर नाही.

जर्सी घेताना अजून एक बघा. कापडावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब पसरून डाग मोठा झाला तर ते कापड घाम ओढून पसरवेल आणि वाळवेल. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर घाम अंगावरच ओघळणार, असा टी-शर्ट कितीही हलका असला तरी परत करा.

चौथी पायरी: अंगावरचे कपडे

शर्ट. दोन, त्याहून जास्त नाही. एक अंगावर, एक दोरीवर. पूर्ण बाह्यांचे घ्या, कारण उघड्या हातावर दिवसभराचं ऊन घेतलं तर संध्याकाळी कातडी भाजल्यासारखी होते, आणि बाह्या वर करता येतात पण नसलेल्या बाह्या खाली करता येत नाहीत. टेलरकडून शिवत असाल तर सव्वादोन मीटर कापडात होतो आणि २०० ते २२० ग्रॅम भरतो. त्याला तीन गोष्टी सांगा: खिसा एकच आणि चेन लावलेला, खांद्याची शिवण पिशवीच्या पट्ट्याखाली येणार नाही अशी थोडी पुढं, आणि काखेत जागा सैल. कडक कॉलर नको, घामाच्या मिठानं ताठ होऊन मान सोलते. रंग फिका घ्या. पांढऱ्यावर काळ्या मातीचा डाग जात नाही, त्यामुळं दिंडीचा गणवेश नसेल तर राखी किंवा मातकट बरा. मात्र पहाटे अंधारात हायवेवरून चालणाऱ्यांनी मातकट कपड्यावर चमकणारी पट्टी शिवून घेतलीच पाहिजे, पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर.

धुऱ्यानं, पांदणीनं किंवा जंगलातून वाट असेल तर जर्सीसारखं जाळीदार, गुंतलेल्या फाशांचं कापड टाळा. कुसळी गवताची कुसळं त्यात शिरतात आणि ओढली तर आत जाऊन अंगात टोचतात. गुळगुळीत विणलेल्या शर्टावरून ती हातानं झटकली जातात. खाजकुयलीचं तेच: हिवाळ्यात वाळलेल्या शेंगांची बारीक लव जाळीदार कापडात अडकली की दिवसभर अंग खाजवत बसावं लागतं. लागलीच तर चोळू नका, रुंद चिकटपट्टी दाबून ओढून काढा आणि तो कपडा वेगळ्या पन्नीत बांधा.

पँट. एक चालायची, एक झोपायची. चालायची पँट पातळ नायलॉन-पॉलिस्टरची, २०० ते ३०० ग्रॅम. शाळेच्या खेळाच्या ट्रॅकपँटमध्येही चांगल्या सापडतात, फक्त आतून जाळीचं आस्तर असेल तर ते टेलरकडून काढून टाका: वजन कमी होतं आणि वाळायचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. खाली बसून उठताना मांडीच्या सांध्यात पँट ओढली जात असेल तर मियानी घालून घ्या. त्या चौकोनी तुकड्याशिवाय शिवलेली पँट लांब चालीत पहिली तिथंच उसवते.

धोतर नेसणाऱ्यांनी सोडायची गरज नाही. पाच वारी सुती धोतर ३५० ग्रॅमच्या आसपास असतं, हवा खेळती राहते आणि मोकळं पसरलं की एकाच थराचं असल्यामुळं जाड पँटपेक्षा लवकर वाळतं. त्याचा त्रास पावसात: ओला काठ पोटरीला गुंडाळतो आणि काळा चिखल त्याला किलोनं चिकटतो. पावसाच्या दिवशी ते गुडघ्याशी वर खोचून नेसा.

साडी-लुगडं. नऊवारी सुती लुगडं साडेसहाशे-सातशे ग्रॅम भरतं, पाचवारी सुती साडी साडेचारशे ते पाचशे. ओलं झाल्यावर त्याच्या दुपटीचा भार कमरेवर लटकतो. पातळ सिंथेटिक साडी लवकर वाळते, पण चालताना पायात घसरते आणि वाऱ्यात फुगते, म्हणून निऱ्यांना दोन सेफ्टी पिना आतून लावा. खरा त्रास साडीचा नसतो, परकराच्या नाडीचा असतो. ओली नाडी दिवसभर कमरेला एकाच जागी काचते, सात-आठ दिवसांत तिथं जखम होते. नाडी काढून नेफ्यात तीन सेंटीमीटर रुंद सैल इलास्टिक घाला, आणि परकराखाली गुडघ्यापर्यंतची पातळ, घट्ट चड्डी घाला म्हणजे मांड्या घासणार नाहीत. सलवार-कुर्ता घालणाऱ्यांनी कुर्त्याच्या बाजूचे चिरे उंच ठेवावे आणि ओढणी पिशवीच्या पट्ट्याखाली येऊ देऊ नये. पायऱ्या चढताना ती अडकते.

आतले कपडे. इथं कंजुषी करू नका आणि घाईही करू नका, कारण सगळ्यांत जास्त माणसं घरी परततात ती फोडांनी आणि काचण्यानं. सुती अंडरवेअर घामानं ओली झाली की ओलीच राहते, शिवण मिठानं ताठ होते आणि मांडीच्या सांध्यात करवतीसारखी चालते. मांडी अर्धी झाकेल अशी, बाजूला जाड शिवण नसलेली सिंथेटिक घ्या, तीन नग. एकाचं वजन ६० ते ८० ग्रॅम, त्यामुळं तीन घेतल्या तरी एका लहान टॉवेलाइतक्याही होत नाहीत. बायकांनी हूक आणि तार असलेली ब्रा घेऊ नये: हूक पिशवीखाली पाठीत रुततो. खेळासाठी वापरतात तशी रुंद पट्ट्यांची, दोन. पाळीच्या दिवसांसाठी चौथी चड्डी गडद रंगाची ठेवा.

दुपारच्या मुक्कामाला साध्या पाण्यानं मांड्या, काखा आणि कमर पुसून मीठ काढा, कोरडं करा आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. लाल झाल्यावर नाही, लाल व्हायच्या आधी. पावडरवर विसंबू नका: घामात तिचा लगदा होतो आणि तोच घासतो.

मोजे. चालायचे दोन जोड, झोपायचा एक. सुती मोजे ओले होऊन तळव्याची कातडी मऊ करतात, आणि मऊ कातडीलाच फोड येतात. नायलॉन-पॉलिस्टरचे किंवा लोकर मिसळलेले घ्या, टाचेला आणि चवड्याला थोडे जाड. नवे मोजे उलटे करून बोटांजवळची शिवण हाताला लागते का बघा. लागत असेल तर उलटेच घाला, कुणी बघत नाही. चपलेनं चालणाऱ्यांनाही झोपायच्या मोज्याची गरज असते: दिवसभर चिरलेल्या टाचांना रात्री तेल लावून तो घातला की भेगा वाढत नाहीत.

डोकं. टोपी असो की नसो, एक पातळ सुती दुपट्टा हवाच. १०० ते १५० ग्रॅममध्ये तो फेटा होतो, टॉवेल होतो, पाण्याची गाळणी होतो, ऊन वाढलं की भिजवून मानेवर टाकता येतो. सूत जिथं खरंच जिंकतं ती ही जागा. टर्किश टॉवेल घरी ठेवा, त्याऐवजी पंचा.

पाचवी पायरी: पाऊस

रस्त्याकडेला मिळणारा जाड रबरी रेनकोट-पँटचा जोड पाऊण किलोच्या पुढं जातो आणि जूनच्या हवेत आतून घामानं तेवढाच भिजवतो. मोटारसायकलसाठी तो ठीक, पायी माणसासाठी नाही. पाठीवरच्या पिशवीसकट झाकणारा, डोक्यातून घालायचा पोंचो २०० ते ३०० ग्रॅममध्ये मिळतो, बाजूनं हवा जाते आणि जेवायला बसताना खाली अंथरता येतो. वारा असेल तर तो फडफडून तोंडावर येतो, म्हणून कमरेला एक नाडी बांधायची. सपाट रस्त्यावर, वारा कमी असताना साधी छत्री या दोन्हींपेक्षा चांगली. घाटात आणि जंगलात छत्री नको.

एक गोष्ट नवख्यांना पटत नाही: चालत असताना विदर्भातल्या पावसात भिजलं तरी सहसा बिघडत नाही, हवा उबदार असते आणि अंग तापलेलं असतं. बिघडतं ते थांबल्यावर, अंगावरच ओलं ठेवून बसल्यावर. म्हणून सगळा जीव कोरड्या जोडावर ठेवायचा. झोपायचा एक टी-शर्ट, एक हलकी लुंगी किंवा पायजमा, एक मोजा-जोड. हा जोड घालून एक पाऊलही चालायचं नाही, चहाला सुद्धा नाही. तो दोन पन्न्यांत, प्रत्येकीचं तोंड पिळून दुमडून बांधायचा. पिशवीवरचं 'वॉटरप्रूफ' आवरण पाठीकडून गळतं, त्याच्यावर भिस्त नको. युरियाच्या पोत्यातली आतली पन्नी मजबूत असते म्हणून बरेच जण वापरतात. ती वापरू नका, कितीही धुतली तरी खताचा अंश राहतो आणि ओलाव्यात अंगाला खाज सुटते. कचऱ्याच्या मोठ्या जाड पिशव्या स्वस्त आणि बऱ्या.

सहावी पायरी: थंडी

एक जाड स्वेटर नको, दोन-तीन पातळ थर हवे. अंगाला सिंथेटिक बनियन, वर चालायचा शर्ट, त्यावर २५० ते ३५० ग्रॅमचं फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापडाचं जॅकेट) आणि वारा असेल तर सगळ्यात वर १००-१५० ग्रॅमचं पातळ विंडचीटर. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. वारा ती हवा काढून नेतो म्हणून पातळसं विंडचीटर त्याच्या वजनाच्या मानानं फार काम करतं. घरी विणलेला ॲक्रिलिकचा स्वेटर असेल तर तोही चालेल, पण तो जास्त जागा खातो आणि वारा आरपार जातो.

पहाटे निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. सगळं घालून उबेत निघालात तर दहा मिनिटांत घाम येतो, बनियन ओलं होतं आणि पहिल्या थांब्यावर तेच ओलं बनियन गारठवतं. म्हणून निघतानाच एक थर काढून पिशवीत वरच ठेवा, थांबलात की लगेच घाला. कानटोपी ४०-५० ग्रॅमची असते आणि रात्री स्वेटरइतकी उपयोगी पडते, ती विसरू नका.

सगळं मिळून किती

आषाढीच्या वाटेसाठी पिशवीतलं (अंगावरचा जोड सोडून) साधारण असं बसतं:

दुसरा शर्ट २१० ग्रॅम
झोपायचा टी-शर्ट १५०
लुंगी किंवा पायजमा २४०
अंडरवेअर दोन १४०
मोजे दोन जोड १००
पंचा १५०
पोंचो २५०
पन्न्या, तीन मीटर दोरी, पिना, सुई-दोरा १००

एकूण १,३४० ग्रॅम. हिवाळ्यात पोंचो काढून फ्लीस, विंडचीटर आणि कानटोपी घाला, दीड-पावणेदोन किलो होतात. साडी नेसणाऱ्यांनी यात एक साडी-परकर आणि ब्लाऊज धरून आठशे ग्रॅमपर्यंत वाढ गृहीत धरावी. साडी सोडून यादी दोन किलोंच्या वर जात असेल तर काहीतरी "असू दे" म्हणून आलेलं आहे, ते शोधा.

सातवी पायरी: घरच्या अंगणात परीक्षा

निघायच्या निदान तीन आठवडे आधी, म्हणजे बदल करायला वेळ उरतो, पूर्ण जोड घालून आणि भरलेली पिशवी पाठीवर घेऊन सलग दोन दिवस रोज १५ किलोमीटर चाला. एक दिवस पुरत नाही, पहिल्या दिवशी कपडा कोरडा आणि कातडी ताजी असते. खरं काय ते दुसऱ्या दिवशी, मिठानं ताठ झालेल्या शिवणी लागायला लागल्या की कळतं.

त्या संध्याकाळी कपडे धुवून टिनाच्या शेडखाली टांगा, उन्हात नाही. मुक्कामी ऊन मिळणार नसतं. पहाटे पाच वाजता हात लावा तो छातीला किंवा पाठीला नाही, तर कमरेच्या पट्ट्याला, खिशाच्या कोपऱ्याला आणि काखेच्या शिवणीला. तिथं कापडाचे तीन-चार थर असतात, ओल तिथंच उरते. एखादाच भाग ओला राहत असेल तर टेलरकडं नेऊन खिसा काढून टाका किंवा पट्टा पातळ करा, सगळा कपडा बदलायची गरज नसते.

धुण्याची रीत अशी. साबणाच्या वडीचा लहान तुकडा न्या, पावडर नको. घाईत ती नीट निघत नाही आणि उरलेली घामात अंगाला चावते. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य तर अजिबात नको. ते सिंथेटिक धाग्यावर थर देतं आणि घाम ओढणं बंद होतं. खळबळून झाल्यावर आधी हातानं पिळा, मग कोरडा पंचा पसरून त्यावर कपडा ठेवा, दोन्हींची एकत्र गुंडाळी करा आणि गुंडाळीला पीळ द्या, गुडघ्याखाली दाबा. पंचा बरंच पाणी ओढून घेतो. नंतर पंचा वेगळा पिळून टांगा.

दोरी एकेरी बांधू नका. तीन मीटर नायलॉनची दोरी दुहेरी करून पीळ देत बांधा आणि कपड्याची टोकं त्या पिळात खुपसा. वाऱ्यात उडत नाहीत, चिमटे लागत नाहीत. कपडे एकावर एक न टाकता थोडं अंतर ठेवा, शर्ट उलटा करून बाह्या सुट्या सोडा. सकाळी मोजे ओलसर राहिलेच तर पिशवीच्या मागं सेफ्टी पिनांनी लावून चाला, दहा वाजेपर्यंत वाळतात.

परीक्षेच्या दोन दिवसांत ज्या कपड्याला हातही लागला नाही तो बाहेर काढा. पोंचो, कानटोपी आणि सुई-दोरा एवढे मात्र न वापरताही ठेवा. दोऱ्यात पांढरा आणि काळा दोन्ही गुंडाळा, सुई जाड नाक्याची घ्या. रात्री मुक्कामाच्या मिणमिणत्या दिव्याखाली बारीक नाक्यात दोरा जात नाही.